फोनने गाळलेला कुकारा

ह्यांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. उरला तो फक्त कुकारा. डॉक्टर म्हणाले, शब्द परत येतील की नाही ते सांगता येत नाही. मी मनात म्हटलं, येऊ देत नाहीतर राहू देत, नवरा माझा आधीही कुठे मोठा बोलका होता!

कुकारा आमच्याकडचे सगळेच तांडेल, म्हणजे होडी हाकणारे, द्यायचे. भाट्याची खाडी तोंडाशी गाळाने भरलेली, ओहोटीला होडी आत येत नाही. भरती चढेपर्यंत बाहेर ताटकळायचं आणि आत शिरताना तोंडाशी हात धरून लांबलचक 'कूऽऽ' करायचं. म्हणजे मी आलो, धक्क्यावर या. प्रत्येकाचा कुकारा वेगळा. ह्यांचा शेवटी वर चढून मधेच तुटायचा. घरातून कुणीतरी उलटा कुकारा द्यायलाच हवा, नाहीतर होडीतल्या माणसाचा जीव खालीवर होतो. आमच्या घरी ते काम मुलाचं. हातातला घास टाकून धावायचा मेला.

तोच मुलगा आता आखातात मोबाईलच्या टॉवरवर काम करतो. जाताना बापाशी भांडून गेला. ह्यांचं म्हणणं, होडी कोण चालवणार? त्याचं म्हणणं, मासळी आहे कुठे? दोघंही खरे आणि दोघंही हटवादी. सलामसुद्धा न करता गेला, आणि मग हा झटका. करार संपेपर्यंत त्याला सुट्टी नाही. तो तिथे अडकला, हे खाटेवर अडकले, आणि मी खाटेपासून चुलीपर्यंत आणि चुलीपासून खाटेपर्यंत. दळण आणायचं तरी शेजारणीच्या विनवण्या करायच्या. कधीकधी दाराला कडी घालताना वाटायचं, ही मी बाहेरच्यांना घालत नाही, मलाच घालतेय.

मग त्याने कुणाबरोबर तरी नवा फोन पाठवला. महागातला. म्हणाला, "अम्मी, ह्यात एआय आहे. वारा, समुद्र, शेजाऱ्यांचा टीव्ही, सगळा गोंगाट गाळून टाकतो. अब्बा नुसते पुटपुटले तरी मला कळेल."

दर शुक्रवारी नमाज झाली की त्याचा व्हिडिओ कॉल यायचा. पोराचा चेहरा दिसला की ह्यांचा डावा हात हळूहळू तोंडाशी जायचा आणि कुकारा निघायचा. घोगरा, वाकडा, पण शेवटी वर चढून तुटणारा. माझे डोळे भरून यायचे. आणि पोरगा तिकडून विचारायचा, "अब्बा नुसतं तोंड का उघडतायत? अजून राग आहे काय माझ्यावर?"

"अरे, कुकारा देतायत तुला! ऐकू येत नाय?"

"अम्मी, उगाच माझी समजूत काढू नको. तुझा आवाज तर खणखणीत येतोय."

मला वाटलं, रेंज नाही. आमच्याकडे काहीही बिघडलं की रेंज नाही. शेजारच्या दोघांच्या हातापाया पडले आणि ह्यांना खुर्चीसकट गच्चीवर नेलं. तिथे भणाणता वारा. ह्यांनी सगळा जीव गोळा करून कुकारा दिला, समोरच्या माडावरचे कावळे उडाले. पोरगा म्हणतो, "अम्मी, काहीच नाही." माझं टाळकंच सरकलं. फोन खाडीत भिरकावणार होते.

त्यानंतर ह्यांनी हात उचलणं सोडलं. आपण साद घालतोय आणि पोरगा समोर दिसत असून उत्तर देत नाही, एवढंच त्यांना कळत असणार. पुढे फोन वाजला की तोंड भिंतीकडे. मग पेजही नको. चमचा नेला की ओठ घट्ट. डॉक्टर म्हणाले, खाल्लं नाही तर नळी घालावी लागेल. मी रागावले, विनवलं, शिव्यासुद्धा दिल्या. उपयोग शून्य.

आणि एका शुक्रवारी मी वाटण वाटत होते. खोबरं, मिरची, मिक्सर घरघरतोय, बाजूला फोन. मी ओरडून म्हटलं, "थांब जरा, मिक्सर चालू आहे."

"कुठला मिक्सर? मला काही ऐकू येत नाही."

मी मिक्सर बंद केला. चालू केला. परत बंद केला. "आता?"

"नाही गं. एआय काढून टाकतो तो आवाज."

"आणि तुझ्या बापाचा?"

टॉवरवर काम करणारा तो, त्याच्या लगेच डोक्यात आलं. मग अडखळत सांगायला लागला, की ह्या यंत्राला हजारो माणसांची बोलणी ऐकवून शिकवलेलं असतं. बोलणं वाटलं ते पुढे पाठवतं, बाकी सगळं गोंगाट समजून पुसतं. कुकारा त्याला बोलणं वाटलाच नसणार.

"या अल्ला! कोणी शिकवलं त्याला? आमच्या धक्क्यावर आला होता काय शिकायला?"

तो रडत होता. रडतारडताच त्याने मला इथे दाब, तिथे दाब करून ते बंद करायला लावलं, आपल्याकडचंही बंद केलं. आणि मग तिकडे त्याच्या खोलीतल्या इतर माणसांची लाज न धरता तोंडाशी हात धरून त्याने कुकारा दिला. मी फोन ह्यांच्या कानाशी धरला होता.

ह्यांनी मान वळवली. पण फोनकडे नाही, खिडकीकडे, खाडीकडे. डावा हात वर गेला आणि असा कुकारा निघाला की शेजारीण धावत आली. फोनमधून पोराच्या हुंदक्यांचा आवाज येत होता. त्या दुपारी ह्यांनी वाटीभर पेज खाल्ली. मी स्वतःच्या हाताने भरवली.

पण कुकारा म्हणजे काय, हे मी विसरले होते. मी आलो, धक्क्यावर या. हे तेव्हापासून खिडकीकडे बघत पडून असतात आणि चमचा तोंडाशी नेला की आधी डोळ्यांनीच विचारतात, आला का? करार संपायला अजून अवकाश आहे, हे कसं सांगू? मी सांगते, "खाडीच्या तोंडाशी आहे, ओहोटी आहे ना, पाणी चढलं की येईल." मग तोंड उघडतात.

काल मी हेच सांगितलं तेव्हा खिडकीखाली भरतीचं पाणी धक्क्याला लागलं होतं. उभा जन्म तांडेलकी केलेला माणूस, त्याला मी भरती-ओहोटी शिकवणार! ह्यांनी पाण्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. कितीतरी वेळ बघत राहिले. आणि मग माझ्यासाठी तोंड उघडलं.