तिच्या हजेरीवर त्याचं काम

कवळ्या करण्यात त्याचा हात धरणारा आसपासच्या चार गावांत कोणी नव्हता. दातांचे डॉक्टर माप पाठवत, आणि हा पठ्ठ्या म्हाताऱ्यांचे जुने फोटो मागवून घेई. सरळसोट मोत्यांसारखे दात लावणं सोपं असतं, पण माणूस पूर्वी हसायचा तसाच दिसला पाहिजे, असा याचा हट्ट. मित्रांनी त्याचं आडनावच बदलून टाकलं होतं. सगळे त्याला कवळीकर म्हणत.

बायको कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. चाळिशीला टेकली असताना तिला परदेशी विद्यापीठात संशोधनासाठी जागा मिळाली. मूलबाळ नव्हतं, मागे ओढणारं कोणी नव्हतं. कवळीकर म्हणाला, "तू हो पुढे, मी आलोच." कागदावर तो विद्यार्थिनीचा जोडीदार झाला. निरोप द्यायला आलेला मेहुणा म्हणाला, "दाजी, घरजावई पुष्कळ पाहिले, व्हिसासकट घरजावई तुम्ही पहिलेच!" सगळे हसले. तोही हसला.

तिथे गेल्यावर कामाच्या परवान्यासाठी सात महिने थांबावं लागलं. एका खोलीच्या घरात करून करून करणार काय? त्याने नळाचे वायसर बदलले, बिजागऱ्यांना तेल घातलं, बायकोच्या चपलांना टाके घातले. ती दमून आली की हा दारातच विचारायचा, "आज काय झालं?" दिवसभरात दुसऱ्या कोणाशी बोलणंच झालेलं नसायचं. ती म्हणायची, "अरे, आधी बसू तरी दे."

परवाना आला आणि आठवड्याभरात त्याने दातांची एक प्रयोगशाळा गाठली. मालक, यंत्रावर बसणारी एक पोक्त बाई आणि दोन कामगार, एवढाच बारदाना. मालकाने साचा आणि मेण पुढे ठेवलं आणि म्हणाला, "लावून दाखवा." कवळीकरने तासाभरात वरची ओळ बसवली. मालकाने ती उजेडात फिरवून पाहिली. "हा एक दात वाकडा का?"

"साच्यात खालचा दात पुढे आलाय. वरचा सरळ लावला तर माणूस दिवसभर जीभ चावत बसेल."

"उद्या आठला या," मालक म्हणाला.

दोन वर्षं बरी गेली. त्या पोक्त बाईला हा ताई म्हणू लागला. खिडकीजवळचं टेबल त्याचं झालं. मेणाचे चाकू तो स्वतःच्या क्रमाने लावी आणि दुसऱ्या कोणी हात लावलेला त्याला खपत नसे.

परवाना नवा करायची वेळ आली. त्याला विद्यापीठाचं पत्र लागायचं, बायको पूर्णवेळ शिकते आहे असं. ती शिकत असेल तोवर हा कामावर, असा सरळ हिशोब. त्याने पत्र मागितलं. ती म्हणाली, "आणते." पुढच्या आठवड्यात पुन्हा, "आणते रे." तिसऱ्यांदा ती नुसती कपड्यांच्या घड्या करत राहिली.

मग अर्ध्या सुट्टीच्या दिवशी तो स्वतःच विद्यापीठात गेला. खिडकीतला कारकून म्हणाला, "पत्र त्यांनाच मागावं लागेल." तो वळला, तेवढ्यात तिच्या विभागातल्या एका मुलीने त्याला ओळखलं. "मॅडम बऱ्या आहेत का आता? दोन महिने झाले, दिसल्या नाहीत."

दोन महिने! रोज सकाळी आठला बॅग घेऊन निघते, सहाला येते.

त्याने फोन लावला. "कुठे आहेस?"

"लॅबमध्ये."

"मी लॅबच्या दारात उभा आहे."

तेव्हा तिने सार्वजनिक वाचनालयाचं नाव सांगितलं. लहान मुलांच्या दालनात ती एका बुटक्या खुर्चीवर बसली होती. अंगात कोट तसाच, बॅग मांडीवर. मार्गदर्शकाने तिचं दीड वर्षाचं काम दुसऱ्याच्या नावावर केलं होतं. ती बोलायला गेली तर भर बैठकीत म्हणाला होता, या वयात झेपत नसेल तर घरी बसावं. तेव्हापासून त्या इमारतीच्या पायरीवरूनच ती मागे फिरे.

"मला सांगायचं नाहीस?"

"सांगून काय केलं असतंस? मी सोडलं तर तुझं काम त्याच दिवशी बंद. ते सात महिने मी पाहिलेत."

खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याच्या डोळ्यांपुढे बायको आलीच नाही. खिडकीजवळचं टेबल आलं. आणि तो जे बोलायला नको तेच बोलला. "परवाना हातात पडेपर्यंत तरी जा. तीनच महिन्यांचा प्रश्न आहे."

"बरं," ती म्हणाली.

ती गेली. पहिल्या दिवशी घरी येऊन न जेवता झोपली. दुसऱ्या दिवशी तिने शाळकरी पोरीसारखं कोटाच्या बाहीचं टोक चावून ओलं केलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती बूट घालायला खाली बसली ती बसूनच राहिली. एक पाय बुटात, एक बाहेर. कवळीकर डबा भरत होता. त्याने डबा ठेवला, तिच्यापुढे उकिडवा बसला आणि पायातला बूट काढला.

"नको जाऊस."

"आणि तू?"

"माझं बघू."

डॉक्टरचा दाखला जोडून तिने रजा घेतली. रजेवरच्या विद्यार्थिनीला पूर्णवेळ धरत नाहीत, तेव्हा रजा सुरू झाली त्या दिवशी याचं काम थांबलं. मालक माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "मागच्या खोलीत बसा. कोण येतंय बघायला?" कवळीकरने एक दिवस मागून घेतला. मोह झाला नाही असं नाही. पण पकडला गेला असता तर बायकोची जागाही कायमची गेली असती. दुसऱ्या दिवशी त्याने मालकाला नाही सांगितलं आणि अ‍ॅप्रन परत केला.

ताई मेणातली एक कवळी घेऊन अडून बसली होती. निवृत्त बसचालकाची, त्यानेच अर्धी केलेली. "अरे, ही हिरडी कुठवर उतरवायची?" सवयीने त्याने हात पुढे केला.

"हात लावू नका," मालक घाईने म्हणाला. "तुम्हीच नाही म्हणालात, म्हणजे आता तुम्ही इथे कामाला नाही. उद्या कोणी विचारलं तर मी काय सांगू?"

कवळीकरने दोन्ही हात पँटच्या खिशात घातले आणि तोंडाने सांगू लागला. "डावीकडे अजून थोडं. बास. आता फोटो बघा, ओठ तिथे उचललाय." ताईचा चाकू घसरला. खिशातल्या खिशात त्याची बोटं वळत होती. मग तोच म्हणाला, "येतो मी," आणि निघाला.

सहा महिन्यांनी बायकोला दुसरी मार्गदर्शक मिळाली, पण डॉक्टरेट नाही, एका वर्षाची छोटी पदवी. छोट्या पदवीवाल्यांच्या जोडीदारांना कामाची परवानगीच नव्हती. तो तक्रार करत नव्हता, पण भांडी जोरात आपटायचा. एकदा ती म्हणाली, "तू परत जा. इथे बसून तुझे हात गंजतील, आणि तुझ्याकडे बघून मी."

तो लगेच गेला नाही. दीड महिना रोज तिच्याबरोबर इमारतीच्या पायरीपर्यंत चालत गेला. एके दिवशी ती कोपऱ्यावरच म्हणाली, "इथून जाते मी." तेव्हा कुठे त्याने तिकीट काढलं.

गावात त्याची जागा भरली होती. पूर्वी त्याच्या हाताखाली शिकलेल्याच एकाकडे तो आता कामाला आहे. सगळे जण "तिकडे जमलं नाही वाटतं?" असं विचारतात आणि तो "नाही जमलं" म्हणून मोकळा होतो.

बायको पुढच्या वर्षी पदवी घेऊन आली. वाळली होती. स्टेशनवरून येताना रिक्षात तिने विचारलं, "त्या वेळी माझ्यावर चिडला होतास ना?"

"चिडलो होतो," तो म्हणाला.

"मला कळत होतं." तिने बॅग मांडीवर नीट ओढून घेतली. "कॉलेजात मला परत घेतील का रे?"

"उद्या जाऊन विचारू," तो म्हणाला.