टब गेला, शॉवर आला

घरातली एक फरशी उखडा, वर्षभर पुरतील एवढे किस्से निघतात. आम्ही तर अख्खा बाथटब काढला!

मुलुंडचं हे घर घेतलं तेव्हाच तो टब होता. त्यात पाय पसरून कुणी कधी आंघोळ केली नाही. आत प्लास्टिकचं स्टूल, स्टुलावर माणूस, शेजारी बादली. रविवारी गोधड्या भिजायच्या. आणि दीड दिवसाच्या गणपतीला टब काठोकाठ भरून अख्ख्या मजल्याचं विसर्जन आमच्याकडे. काय मजा यायची!

* * *

मग सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. टबाची कड ओलांडणं त्यांना जमेना. मी धरून आत न्यायचे, आंघोळ होईपर्यंत तिथेच उभी राहायचे. बिचाऱ्या लाजेने अर्ध्या व्हायच्या.

"डोळे मीट गो," त्या म्हणायच्या. मी मिटायचे.

एकदा साबणावरून माझाच पाय सटकला. दोघी डुगडुगलो, कशाबशा सावरलो. सासूबाई म्हणाल्या, "बरं, एक उघड."

त्याच संध्याकाळी नवऱ्याने, संदीपने, फर्मान काढलं: टब जाणार, शॉवर येणार. खाली सपाट फरशी, भिंतीला धरायला दांडा.

* * *

समोरचे सावंतकाका धावत आले. "काढा की, पण गणपती होऊन जाऊ दे."

"काका, आईंना रोज आंघोळ करायचीय," मी म्हटलं.

काका रुसून गेले. शॉवर बघायला मात्र पहिले तेच हजर.

* * *

प्लंबरने विचारलं, "भाभी, बाल्टी का नल रखना है?"

मी म्हटलं, "नको, शॉवर आहे ना."

हॉलमधून सासूबाईंचा आवाज आला, "ठेवायचा! शॉवरने माणूस भिजतो. आंघोळ बादलीने होते."

नळ ठेवला.

* * *

पहिला दिवस. मी सकाळपासून नुसती नाचत होते. दांडा चारदा ओढून पाहिला, कोरडं पायपुसणं टाकलं. सासूबाई काठी टेकत निघाल्या.

संदीप म्हणाला, "आई, आम्ही बाहेरच आहोत. फक्त कडी लावू नकोस."

त्यांनी मान डोलावली. दार लागलं. आणि खट्कन कडी लागली.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आत शॉवर सुरू झाला. संदीपला राहवेना, त्याने दार वाजवलं. "आई, कडी का लावलीस?"

पाणी थांबलं.

"अरे, आंघोळ करताना कडी लावतात," त्या म्हणाल्या, आणि शॉवर पुन्हा सुरू झाला.