तूस कुठं निघालं
गेल्या आठवड्यात आजऱ्यात भाताच्या गिरणीसमोर ओल्या तुसाचा वास आला आणि गावावरचा सडा आठवला. जांभ्या दगडाच्या त्या पठारावर, शेजारच्या काकांच्या रानात, गाडीच्या चाकाएवढं एक भोक होतं. पावसाळ्यात सड्यावरचं पाणी त्यातून आत गडप व्हायचं. आमचं उन्हाळी भात सड्याखालच्या झऱ्यावर यायचं. एका पावसाळ्यात काकांचं वासरू त्या भोकात अडकलं, तेव्हा त्यांनी ते मुरमानं बुजवायचं ठरवलं. थोरला भाऊ अडवायला गेला. "झरा आटंल की आमचा, काका." "तुझा झरा माझ्या भोकातनं येतोय व्हय? दाव." भावानं तुसाचं पोतं भोकात रिकामं केलं. तूस पाण्याबरोबर गरगरत आत गेलं आणि ते झऱ्यातून बाहेर पडतंय का बघायला आम्ही तिघं खाली येऊन बसलो. पाणी नितळच वाहत राहिलं. "सकाळी मुरूम आणतो," काका म्हणाले. तेवढ्यात खालून, त्यांच्या विहिरीवरून, काकू रिकामी घागर घेऊन आल्या. "आपल्या हिरीत तूस कुणी टाकलंय? प्यायचं पाणी हाय की ते." काका उठले. पुढं त्यांनी भोकाला कुंपण घातलं, बुजवलं नाही. भाऊ घरी येताना एवढंच म्हणाला, "मग आपलं कुठनं येतंय?" नंतर कितीतरी वर्षं तो सड्यावर ते शोधत फिरायचा, पण सापडलं नाही. यंदा उन्हाळ्यात तो गेला. झरा अजून वाहतो. उद्या सड्यावर कुणी काही बुजवायला घेतलं, तर अडवायचं की नाही, हे मला माहीत नाही.