कॉलरच्या मशीनवरच्या बाई

"घाई तुमाला हाय मास्तर, मला न्हाय."

मशीन पुसता पुसता, मान वर न करता त्या हे म्हणायच्या आणि फडक्याचा हात जरासा उचलून मला थांबायची खूण करायच्या. बाकीच्या बाया आल्या आल्या धडाधड मशिनी सुरू करत. या मात्र सुईखालचा भुगा काढत, तेलाचा थेंब सोडत, दिवसभराच्या बॉबिन आधीच भरून ठेवत आणि एका चिंधीवर टीप मारून बघत. मी डोक्यावर उभा असे.

तुमच्याही कामाच्या ठिकाणी असं कुणी असेल. सावकाश सुरू करणारं, वेळ झाली की उठून जाणारं. अशा माणसाकडे आपण कसं बघतो, ते जरा आठवून पाहा.

सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणारा आमचा कारखाना. जिना चढून वर, पत्र्याखाली. शाळा उघडायच्या आधीचा उन्हाळा हाच आमचा हंगाम. पत्रा तापायचा, पंखे गरम वारा फेकायचे आणि मालक खालून फोन करायचे, "मास्तर, माल कुठे?" मी शिलाईच्या एका ओळीचा मास्तर होतो. या बाई शर्टाची कॉलर शिवत. कॉलर अडली की पुढची सगळी ओळ हात बांधून बसते. त्यांच्याकडे कधी अडली नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं, म्हणून आधीच लिहून टाकतो.

शेजारच्या मशीनची सुई भर कामात मोडायची. मग ती बाई सुई मागायला जायची, तिथून पाण्याला, तिथून गप्पांना.

"सकाळी जरा पुसलं असतं तर मशीन झिजली असती व्हय गं?" या विचारायच्या.

"तुमीच पुसा वैनी. तुमच्या मशिनीला लग्नाला जायचं हाय."

सगळ्या हसायच्या. त्याही हसायच्या, पण हात चालू ठेवून.

दुपारच्या आधी त्या एकदा उठायच्या. दारापर्यंत जाऊन, कंबर ताणून परत. एकदा मी अडवलं, "कुठे निघालात?"

"कुटं न्हाय. पाठ जाग्यावर हाय का बघून आले."

आणि संध्याकाळी सुटायच्या वेळी त्या शेवटची कॉलर अर्धीच शिवून मशीनवर सोडून जायच्या. मला याचा फार राग यायचा. चार टाके घालायला काय झालं होतं?

"आज पुरी केली की उद्या नव्यानं मन घालावं लागतंय, मास्तर. निम्मी ठिवली की सकाळी हात आपला आपण चालतोय."

मी सगळ्यांसमोर त्यांना 'निम्म्या बाई' म्हणालो. मजल्यावर हशा झाला आणि ते नाव चिकटलं.

एका हंगामानंतर मालकांनी ठरवलं की माझ्या हाताखाली ओळीवर देखरेखीला आता बायांमधलीच एक नेमायची. देखरेख म्हणजे उभ्याने, फिरून करायचं काम. मशीनचा पायटा दाबून दाबून बाईंचा उजवा गुडघा धरला होता. संध्याकाळी त्या भिंतीला हात लावत जिना उतरायच्या. माझ्याकडे त्यांनी कधी काही मागितलं नव्हतं. त्या वेळी मागितलं.

"या बारीला माझं नाव सांगा की. पाय लई ठणकतोय. बसून न्हाय व्हायचं आता."

"सांगतो," मी म्हणालो.

मालकांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, "हात चांगला आहे. पण काम अर्धवट टाकून जातात. मधेच उठतात. सुरूही उशिरा करतात. दुसऱ्यांना काय शिस्त लावणार?"

यातलं एकेक वाक्य खरं होतं. त्याच सवयींवर माझी ओळ चालत होती, तेवढं मी बोललो नाही. बाई मशीनवरून उठल्या असत्या तर कॉलरीला माझ्याकडे दुसरा हात नव्हता. त्यांना मी सांगितलं, "मालकांनी ऐकलं नाही."

"बरं," त्या म्हणाल्या. "कॉलरींचं बंडल द्या."

पुढे नव्या पोरींना मी सांगू लागलो की आधी मशीन पुसा, बॉबिन भरून ठेवा, दुपारी एकदा पाय मोकळे करा. माझीच पद्धत म्हणून. मास्तरांना काम कळतं, असं मालक म्हणायचे. बाईंनी ऐकलं असणार. गुडघा अगदीच वाकेना तेव्हा त्यांनी काम सोडलं.

मीही आता घरीच असतो. मध्यंतरी मालकांच्या मुलाने फोन केला, "मास्तर, बायांना कामाच्या चांगल्या सवयींवर दोन शब्द सांगा." होकार दिला आणि झोप लागेना. शेवटी बाईंच्या घरी गेलो. त्या पाय लांब करून लसूण सोलत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी लसणाची साल सुपात झटकली.

"खोटं बोलला ते बोलला. माझी सून तितंच बटन लावती. तिला 'निम्म्या बाईची सून' म्हनत्यात. मला हितं सांगून काय उपेग? तितं सांगा."

"तुम्हीही चला. रिक्षा आणतो."

"तो जिना मला न्हाय चढायचा. तुमी जावा."

गेलो. बाया आपापल्या मशीनवरूनच ऐकत होत्या. मी बाईंचं पूर्ण नाव घेतलं. मी मालकांना काय बोललो, का बोललो आणि माझी म्हणून मिरवलेली पद्धत कुणाची, सगळं सांगितलं. मालकांच्या मुलाने घड्याळ पाहिलं. "मास्तर, सवयींचं बोला ना."

"तेच बोलतोय," मी म्हणालो.

मागून एक जुनी बाई मोठ्याने म्हणाली, "म्हंजे त्या कामचुकार नव्हत्या व्हय?" कुणी हसलं नाही. बटणांच्या टेबलाशी एक बाई मान खाली घालून बसली होती. तिने वर पाहिलं नाही. बाईंची सून तीच असावी. मी विचारलं नाही.

निघताना ओळीवरची आताची देखरेखवाली मुलगी जिन्यापाशी आली. आवाज खाली करून म्हणाली, "मास्तर, माझ्याकडं बी एक हाय. बाह्या जोडती. साहेबांनी परवा देखरेखीला घ्यायला तिचंच विचारलं. ती उठली तर माझी ओळ बसंल की वो."

"बसेल," मी म्हणालो. "काही दिवस बसेल."

तिने वळून आत बाह्यांच्या मशीनकडे पाहिलं. मग आतून कुणीतरी "ताई, बाह्या!" अशी हाक मारली आणि ती गेली.