कुंतीबेट्टावरचा मुलगी पाहण्याचा कार्यक्रम

म्हैसूरला डोंगर चढायला निघालोय असं सांगितल्यावर साताऱ्यातली आमची भटकी मंडळी मनसोक्त हसली. "तिथं लोक राजवाडा बघतात, डोसा खातात आणि चंदनाचा साबण घेऊन परत येतात," असं एकानं मला समजावलं. मीही मनातून तसाच होतो. सह्याद्रीतले अर्धे किल्ले पायांखाली घातलेला माणूस मी. म्हैसूरच्या टेकड्या सकाळच्या चहाआधी उरकतील, असा माझा अंदाज होता.

मुक्काम म्हैसुरातच, चामराजपुरमला विमलअक्काकडे. माझी आत्या लग्न होऊन म्हैसूरला गेली, अक्का तिची मुलगी, जन्मापासून तिथलीच. तिच्या सासरचे पूर्वज कधीकाळी राजाच्या फौजेत आले आणि तिथंच राहिले. घरात मराठी बोलतात, पण त्यात कानडी इतकं मिसळलेलं की पहिले दोन दिवस मी नुसता मान डोलवतो. मी पायरीवर पाऊल ठेवतोय तोच अक्का ओरडली, "अय्यो सुरेश, केवढा वाळलास रे! आधी ऊट कर (जेवून घे), मग मात (गप्पा)."

पहिल्या दिवशी चामुंडीच्या पायऱ्या. मी तालात निघालो. माझ्यापुढं एक आजीबाई प्रत्येक पायरीला हळद-कुंकू लावत, वाकत, उठत चढत होत्या. त्यांना मागं टाकायला मला अर्धा डोंगर लागला, आणि मग श्वास घ्यायला थांबलो तेव्हा त्या शांतपणे माझ्या बुटाशेजारची पायरी रंगवून पुढं निघून गेल्या. मी फोटो काढत असल्याचं दाखवलं. वर मोठ्या नंदीपाशी थंडगार वारा होता, खाली अख्खं शहर पसरलेलं. दुसऱ्या दिवशी श्रीरंगपट्टणजवळचा करिघट्ट. चढ लहान, वर देऊळ, खाली कावेरीचं वळण आणि हिरवीगार शेतं. ज्यांना गुडघे जपायचेत त्यांनी आधी इथंच जावं.

त्या संध्याकाळी अक्कानं मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"उद्या कुंतीबेट्टाला जायचं आहे. इथल्याच बोगादीचे जाधव येणार. आपल्या रेणुकाला बघायला."

"डोंगरावर?"

"त्यांचा हट्ट बा! म्हणतात, घरात पोहे खाऊन काय कळतंय, डोंगर चढताना माणूस कळतो." मग तिचा आवाज उतरला. "ते मूळचे कोल्हापूरचे. शुद्ध बोलतात. माझं मराठी ऐकून काय म्हणतील? तू जरा पुढं पुढं बोल. मी सुम्ने (गप्प) बसते."

रेणुका अक्काची मुलगी, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. याआधीची दोन स्थळं पत्रिकेवरून गेली होती, आणि हे स्थळ जमावं म्हणून अक्कानं कुठल्या कुठल्या देवाला काय काय बोललं होतं, ते तिचं तिलाच ठाऊक. तिचे यजमान नागोजीराव गुडघ्याचं कारण सांगून सुटले. घराण्याची अब्रू आणि गिर्यारोहणाची प्रतिष्ठा, दोन्ही माझ्या खांद्यावर आली.

सकाळी जाधव गाडी घेऊन हजर. डोक्यावर टोपी, हातात दोन काठ्या, पायात गुडघ्यापर्यंत मोजे. कारखान्यातले मोठे अधिकारी, बोलणं हुकमी. मुलगा प्रसाद मागं गप्प बसला होता, चेहरा परीक्षेला निघाल्यासारखा. वाटेत लोणी घातलेला डोसा खाताना जाधवांनी रेणुकाला विचारलं, "तुमचा स्टॅमिना कसा आहे?" रेणुका म्हणाली, "दिवसाला चार तास उभी राहून शिकवते." जाधवांनी मान हलवली. अक्का माझ्याकडं बघून डोळ्यांनीच म्हणत होती, बोल की काहीतरी. मी बोललो. किल्ल्यांवर बोललो, कड्यांवर बोललो, डोसा निवेपर्यंत बोललो.

पांडवपुराशेजारी उसाच्या शेतांतून एकदम दोन उघडे कातळ डोकं वर काढतात, तेच कुंतीबेट्ट. वनवासात कुंती आणि पांडव इथं राहिले, असं गावकरी सांगतात. पायथ्याच्या देवळापर्यंत सगळं सोपं आहे. तिथं माकडांनी आमची म्हैसूरपाकाची पिशवी पळवली. जाधवांनी काठी उगारली, तर ती काठीही एका माकडानं ओढून नेली. आता काठी एकच राहिली.

पुढं वाट दगडांवर रंगवलेल्या बाणांमागून जाते. धोंड्यांच्या फटींतून अंग चोरून निघायचं, मग मोठ्या तिरक्या कातळावरून चढायचं. माझे नवे बूट तिथं घसरले. मी सन्मानानं बसलो, बसल्या बसल्या बराच खाली आलो, आणि पँट मागून फाटली. रेणुकानं न हसता आपली ओढणी दिली. ती कमरेला बांधून सह्याद्रीचा वाघ पुढं चालू लागला. अक्का नऊवारीसारखी साडी खोचून, कॅनव्हासचे बूट घालून, एकही शब्द न बोलता सगळ्यांच्या पुढं वर पोचली होती.

माथ्यावर पोचलो आणि सगळं विसरलो. एका बाजूला तोण्णूरचं तळं, खाली भात आणि ऊस, उन्हात लांबवर धुरकट डोंगर. रेणुका आणि प्रसाद पलीकडच्या धोंड्यावर बोलत बसले. अक्का चोरून तिकडं बघत राहिली. "बराच वेळ बोलतायत, हौदा (हो ना)?" ती माझ्या कानात म्हणाली. तिचा चेहरा इतका उजळला होता की मला भीती वाटली.

उतरताना घोळ झाला. त्याच तिरक्या कातळाच्या मध्यावर जाधव थांबले. त्यांनी खाली पाहिलं आणि खाली बसले. मग हलेचनात.

"सुरेशराव, मी जरा निसर्ग बघतोय," ते म्हणाले. दोन्ही हातांनी कातळ धरला होता, आणि डोळे मिटलेले होते.

मी तोल कसा सांभाळायचा यावर बोलू लागलो. कमरेच्या ओढणीमुळं त्यांचा माझ्यावर विश्वास बसला नाही. शेवटी अक्का पुढं झाली. ती सुम्ने बसायचं विसरली होती.

"जाधव, कूतकोळ्ळी! खाली बघू नका, माझ्या पायाकडं बघा!"

"कूत काय?"

"बसा म्हणते! बसून बसून या. एवढी वर्षं म्हैसुरात, स्वल्प तरी (थोडं तरी) कन्नडा शिकायचं की!"

पण जाधव जागचे हलले नाहीत. वर रेणुका प्रसादला काहीतरी सांगत होती. मला तिचं शेवटचं वाक्य ऐकू आलं, "आत्ताच सांगा. आत्ता ते कुठं जाणार आहेत?"

प्रसादनं घसा खाकरला. "बाबा, मला रेणुकाशी लग्न करायचं नाही. म्हणजे, तिलाही नाही. मंड्याची एक मुलगी आहे. चंपा. तीन वर्षं झाली. तुम्हाला सांगायचं धाडस नव्हतं."

जाधवांचे डोळे उघडले.

"तीन वर्षं?" ते उभे राहिले. "तीन वर्षं, गाढवा?" आणि तो मनुष्य काठी उगारून, सरळ, दमदार पावलं टाकत कातळ उतरू लागला, कारण प्रसाद तोवर बाजूनं खाली पळाला होता. सपाटीवर आल्यावर जाधवांनी मागं वळून कातळाकडं पाहिलं. आपण काय केलं ते त्यांच्या ध्यानात आलं आणि ते मटकन बसले.

"पाणी द्या," ते म्हणाले. अक्कानं दिलं.

रेणुका तिच्याजवळ बसली. "अम्मा, त्यानं वर गेल्या गेल्या सांगितलं मला. रडकुंडीला आला होता गं."

"मला वाटलं तुम्ही..." अक्कानं पदरानं तोंड पुसलं, नाक ओढलं आणि थोड्या वेळानं प्रसादला हाक मारली. "ये बा, पाणी पी. ओडबेडा (पळू नको) आता. मारणार नाहीत ते."

गाडी प्रसादनं चालवली. कावेरीच्या पुलावर जाधवांनी विचारलं, "त्या मुलीच्या घरी मराठी येतं का?"

"नाही, बाबा."

पूल संपला. मग जाधव अक्काकडं वळले. "वहिनी, जेवण झालं का, असं कन्नडात कसं विचारतात?"

"ऊट आयता."

"ऊट आयता," जाधव पुटपुटले. बोगादी येईपर्यंत त्यांचं तेच चाललं होतं, कधी हुकमाच्या स्वरात, कधी विनंतीच्या. चहा घेतल्याशिवाय जायचं नाही, असा त्यांचा आग्रह पडला. दार त्यांच्या पत्नीनं उघडलं. जाधवांनी टोपी काढली आणि खणखणीत आवाजात विचारलं, "ऊट आयता?"

त्या बाईंनी आधी नवऱ्याकडं पाहिलं, मग माझ्या ओढणीकडं, आणि आतून ग्लुकोजचं पाणी आणायला पळाल्या.

दोन दिवसांनी मी परत निघालो. रेणुकाला अजून स्थळ मिळालेलं नाही आणि अक्काची काळजी जिथल्या तिथं आहे. पण स्टेशनवर ती जाधवांची नक्कल करून इतकी हसली की डब्यातले लोक वाकून बघू लागले. साताऱ्यात मंडळी विचारतात, म्हैसूरजवळ कुठला डोंगर चांगला? मी कुंतीबेट्ट सांगतो. जाताना घरातलं एखादं हट्टानं अडून बसलेलं माणूस बरोबर न्या, असंही सांगतो. वर काही सांगून उपयोग नाही, त्याला उतरताना गाठायचं.