याडीची भेट अर्धीच राहिली

मी दिग्रसच्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. पोरांसमोर जिभेवर कापूर पेटवून दाखवणारी, लिंबू-मिरचीला नाक मुरडणारी बाई म्हणून माझी ओळख आहे. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय. दचकायला काही हवं असेल तर निराशा होईल, आधीच सांगते… यात भीती थोडी आणि हळहळच फार आहे.

आम्ही गोरमाटी, म्हणजे बंजारा. माझं माहेर दिग्रसजवळच्या एका तांड्यावर. आईला आम्ही याडी म्हणतो. माझा मुलगा रोहन मस्कतला नोकरीला आहे. गेल्या हिवाळ्यात त्याने हट्टाने आम्हा दोघींना बोलावून घेतलं आणि एका मुक्कामासाठी वाळवंटातल्या कॅम्पवर नेलं. कॅम्प म्हणजे काय… तंबूत एसी, पलंग, फ्रीज, मागे चकचकीत बाथरूम, बाहेर गालिचे अंथरलेले आणि चारी बाजूंनी वाळूच्या टेकड्या. याडी सगळं फिरून बघून आली आणि मग हसत सुटली. (आमचं बोलणं गोरबोलीत झालं, तुम्हाला कळावं म्हणून वऱ्हाडीत लिहितेय.) ती रोहनला म्हणाली, "आपल्या आज्या-पंज्यानं उभा जल्म पालात काढला. तू पैसे देऊन पालात झोपाले आनलं होय मले?"

संध्याकाळी खजूर आणि कहवा घेऊन एक माणूस आला. तो तेलंगणातला, निर्मलकडचा निघाला. झालं! याडीने त्याला शेजारी बसवून घेतलं आणि चौकशी सुरू केली. मला तोंड लपवावंसं वाटलं, कारण पुढे काय येणार ते मला पाठ होतं.

याडीची धाकटी बहीण चंदी, माझी मावशी, माझ्या जन्माआधीच हरवली. याडीला ती 'बाई' म्हणायची. नवऱ्याबरोबर रस्त्याच्या कामावर तिकडे निर्मलच्या बाजूला, तेव्हाच्या आंध्रात गेली होती. नवरा एकटाच परत आला. एका सकाळी ती कामावरून निघून गेली, एवढंच त्याने सांगितलं, आणि पुढे दुसरं लग्न केलं. आजोबांनी शोधलं, थकले, गेले. याडी मात्र थकली नाही. आदिलाबाद-निर्मलकडचा कुणीही भेटो, ट्रक ड्रायव्हर असो की दवाखान्यातली नर्स, ती विचारणारच – हनुवटीवर गोंदण असलेली, बोलताना मान वाकडी करणारी बाई कुठे पाहिली का? त्या माणसानेही बिचाऱ्याने नीट ऐकून घेतलं आणि नाही म्हटलं. याडीने मान हलवली आणि खजूर खाल्ला.

पहाटे उजाडता उजाडता मला जाग आली. शेजारचा पलंग रिकामा होता. बाहेरून रडण्याचा आवाज येत होता… सुरातलं रडणं.

आमच्याकडे रक्ताच्या दोन बायका फार दिवसांनी भेटल्या की एकमेकींच्या गळ्यात पडून अशा रडतात. नुसतं रडणं नसतं ते, मधल्या काळातलं सगळं त्यात सांगायचं असतं. आधी मोठी सांगते, धाकटी खाली हुंदक्याचा सूर धरते. मग धाकटीची पाळी. दोघींचं झालं की तिसरी कुणीतरी पाणी घेऊन येते. पाणी आलं की आवरायचं, असा आमच्या तांड्याचा रिवाज.

तर याडी सांगत होती. आजोबा गेले ते, आजी गेली ते, बैल विकले ते. मग, मला एक पोरगी झाली, ती मास्तरीण झाली. आणि तिच्या आवाजाखाली दुसरा एक हुंदका होता. एकाच वेळी दोन आवाज, हे मी शपथेवर सांगते. मग याडी थांबली. दुसरा आवाज पातळ होता. तो म्हणाला, "बाई, मी त्या सकाळी निघाली…"

मला शब्द कळले. अर्थ डोक्यात शिरलाच नाही. डोक्यात एकच की, हिने कुण्या परक्या बाईला गळ्यात घेतलंय, आजूबाजूचे लोक जागे होतील, रोहनला कॅम्पवाले बोलतील. याडीला धाप लागली असेल म्हणून मी फ्रीजमधली पाण्याची बाटली उचलली, तंबूची चेन ओढली आणि म्हटलं, "याडी, बस कर आता. लोकं झोपले हायेत."

गालिच्यावर याडी एकटीच होती. तिचे हात अजून कुणाला तरी धरल्यासारखे पुढे होते, ते हळूच खाली आले. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, बाटलीकडे पाहिलं.

"पानी काहून आनलं तू?" ती म्हणाली. "तिचं आत्ताच तं सुरू झालतं."

कोण होतं, हे मी विचारलंही नाही. तिला धरून उठवलं तेव्हा तिच्या पाठीवर, खांद्याच्या मागे पोलकं ओलं लागलं. वाळूत पावलं होती का, असं तुम्ही विचाराल. बघायचं सुचलंच नाही, आणि मग वारा सुटला.

नाश्त्याला शेजारच्या तंबूतल्या केरळच्या बाई भेटल्या. पहाटेच्या आवाजाबद्दल मी आधीच माफी मागितली. त्या म्हणाल्या, माफी कसली, मी तर पडून ऐकत होते. मग हिंदीत विचारलं, "वो दूसरी आंटी कहाँ हैं? उन्होंने तो बस शुरू ही किया था।" रोहनने कॅम्पवर चौकशी केली. आम्ही दोघी आणि त्या सोडून दुसरी भारतीय बाई मुक्कामाला नव्हतीच.

मी खूप डोकं लढवलं. वाळूच्या टेकड्यांत आवाज घुमतो, म्हातारी माणसं दोन्ही बाजू स्वतःच बोलतात, झोपेतून उठलेल्याला भास होतात… यातलं एकही त्या ओल्या पोलक्यापर्यंत पोचत नाही. मावशी जिवंत आहे की नाही, इतक्या दूर ती कशी आली, कशाचाच उलगडा मला झालेला नाही.

याडी आता कुणाला चंदीबद्दल विचारत नाही. तिने मला एका शब्दाने दोष दिला नाही, दिला असता तर बरं झालं असतं. तांड्यावर गेले की ती जेवायला वाढते आणि एकच विचारते, "माह्या कानानं कमी आयकू येते. तिनं पुढं काय म्हनलं, तुले तं आयकू आलं असन?"

मी नाही म्हणते. तिचा चेहरा उतरतो आणि ती भाकरी पुढे सरकवते. पुष्कळदा वाटतं, काहीतरी जुळवून सांगावं. सुखात होती, घर होतं, पोरंबाळं होती म्हणाली… म्हातारीचा जीव तरी निवेल. पण मावशीचं बोलणं मी एकदा तोडलंय. आता तिच्या जागी मीच बोलायचं, एवढं धाडस मला होत नाही.