एका साडीएवढी जागा

शेजारच्या सुमनताईंचं कपाट उघडं दिसलं की माझा जळफळाट होतो. मोजक्या साड्या आणि मधे चक्क रिकामी जागा. माझं कपाट उघडताना आतला ढीग हाताने थोपवावा लागतो.

परवा त्या स्वतःच माझ्या दारात आल्या. "लेकीला मुलगी झाली. दुपट्यांसाठी एखादी जुनी सुती साडी आहे का हो? मी तर सगळ्या देऊन टाकल्या."

मनातून मी सुखावले. माझ्या आईची मऊसूत साडी काढून दिली. माझ्या लेकीच्या बाळंतपणासाठी ठेवली होती. लेक आता तो विषय काढू देत नाही. सुमनताईंनी उभ्याउभ्याच साडीची सुबक घडी घातली आणि नेली.

आता माझ्याही कपाटात एका साडीएवढी जागा आहे. भिंतीपलीकडून बाळ रडलं की मी कपाट उघडून त्या जागेकडे बघत राहते.